शीलाबाईंचा आवाज फॉरवर्ड करणाऱ्यांनो

शीलाबाईंच्या फोटोखाली टाकलेली श्रद्धांजली आधी पुसा.

तुमच्या श्रद्धांजलीवाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

बाई आज सकाळी गेल्या. हार्ट अटॅक. दुपारी पिंगळीत अंत्यविधी झाला. घरी येऊन मोबाइल उघडला तर शिक्षकांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच फोटो. शिक्षकांच्या परिषदेतला. खांद्यावर शाल, हातात प्रमाणपत्र, खाली ‘तंत्रस्नेही शिक्षिका हरपल्या’.

एका महाभागानं तर तिथं रेकॉर्ड केलेला बाईंच्या आवाजातला धडाच टाकलाय. वर रडकी इमोजी.

अरे बाबा, हाच धडा ऐकून तू मांडीवर थाप मारून हसला होतास. मी तुझ्याच मागं बसलो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

पोखर्णीच्या पुढं आमची शाळा. शिक्षक दोनच, बाई आणि मी. दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, ती पार उन्हाळा लागल्यावर येतात.

बाई रोज संध्याकाळी त्या पोरांच्या बापांना व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून धडा पाठवायच्या. पोरांनी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बसून ऐकायचा, उत्तर बोलून परत पाठवायचं.

एवढंच. लॉगिन नाही, पासवर्ड नाही.

मग वरून आदेश आला. आता फक्त नवीन अ‍ॅप. दुसरं काही चालणार नाही.

प्रत्येक वेळी ओटीपी. पोरं कुठल्या तरी फडात, रेंज मिळायची मारामार, आणि बाप दिवसभर मोबाइल घेऊन उसात. बाईंचा धडा थांबला असता तर ही पोरं शाळेतून सुटलीच म्हणून समजा.

बाईंना शिक्षण खात्याच्या साहेबांना एकच गोष्ट विचारायची होती. आमचा धडा चालू ठेवू का?

परिषदेत त्यांना पाच मिनिटं मिळाली. लय खूश होत्या.

“सर, साहेबांनी एकदा कानानं ऐकलं ना, न्हाई म्हणायचे न्हाईत बघा.”

भाबडी बाई.

परिषद परभणीला, मंगल कार्यालयात. विषय, शिक्षणात तंत्रज्ञान. हजेरी क्यूआर कोडनं. सगळ्यांनी एकदम मोबाइल वर केले आणि नेट बसलं. शेवटी कागदावर सह्या घेतल्या.

पाहुणे उशिरा आले. मग सत्कार. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार. एका टायवाल्यानं पडद्यावर ते अ‍ॅप उघडलं, तर नुसतं गोल गोल फिरायलंय. निवेदक म्हणाला, जोरदार टाळ्या.

आपण वाजवल्या. सगळ्यांनी.

बाईंचं नाव पुकारलं. त्या मोबाइल हातात घेऊन वर गेल्या. माइक द्यायचा सोडून त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. तोच, जो तुम्ही फिरवायलात.

“वेळेअभावी मॅडमचं मनोगत आपण नंतर ग्रुपवर टाकू,” निवेदक म्हणाला.

आपल्याकडं माणसाला गप्प बसवायचं असलं की सत्कार करतात.

बाई खाली उतरल्या नाहीत. सरळ माइकपाशी गेल्या, मोबाइल माइकला लावला आणि फडावरच्या राणीला पाठवलेला धडा सुरू केला.

“राणे, जेवलीस का गं? उजेडात बस. बापाला एक ऊस माग. त्याला कांड्या किती हायत ते मोज. गडबड करू नको. मोजून झालं की मला सांग.”

हॉल हसला.

मास्तर हसले, बाया हसल्या. घरी गेल्यावर आईशी ज्या भाषेत बोलता त्याच भाषेला हसलात तुम्ही. लाज वाटायला पाहिजे होती.

साहेबही हसले. म्हणाले, “मॅडम, तुमची तळमळ चांगली आहे. पण ही गावंढळ भाषा शैक्षणिक साहित्यात नको. अ‍ॅपमध्ये सगळं प्रमाण मराठीत आहे. हे बंद करा.”

“साहेब, पोरगी ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत मोजते की हो.”

माइक बंद झाला.

मी उठून ओरडलो, बोलू द्या त्यांना. शेजारच्यानं शर्टाला धरून खाली बसवलं. “बसा सर, जेवण लागलंय.”

लागलं होतं खरं. गुलाबजाम होते. तुटून पडला होतात.

परत येताना एसटीत बाईंनी शालीची घडी घालून पिशवीत कोंबली.

“बंद करा म्हणले ना ते?” मी विचारलं.

“कोण? मला तर काही ऐकू आलं न्हाई. माइक बंद होता.”

त्या संध्याकाळी धडा गेला. नंतरही रोज गेला. अगदी कालपर्यंत.

आता हा त्यांचाच आवाज तुम्हाला गोड लागायलाय. मेल्यावर.

मघाशी बाईंचे मिस्टर घरी आले. बाईंचा मोबाइल माझ्या हातात दिला.

“सर, हे सारखं वाजायलंय. मला बघवंना. तुमीच बघा.”

राणीच्या बापाचा मेसेज होता. “बाई, आज धडा आला न्हाई. पोरगी फोन धरून बसलीय.”

मला त्याला काही सांगायचं धाडस झालं नाही. मी आपला धडा बोलून पाठवला. राणे, आज सर बोलायलेत. तुमच्या कोपीला बांबू किती लागलेत ते मोज अन् सांग.

थोड्या वेळानं तिचा आवाज आला.

“सर, मोजले म्या. पण किती ते बाईलाच सांगीन. बाईला द्या की फोन.”

मोबाइल माझ्यापुढं पडलाय. ती तिकडं थांबलीय.

श्रद्धांजलीवाल्यांनो, हिला काय उत्तर देऊ ते सांगा. प्रमाण मराठीत सांगितलं तरी चालेल.

बाई, पोरीनं उत्तर तुमच्यासाठी राखून ठेवलंय.

जय भीम, बाई.