खाली टांगलेला आरसा

सगुणाबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भोरला माहेरी होते. निरोप घेऊन सासरहून, वेल्ह्याहून माणूस आला होता. माझ्या तोंडून पहिलं निघालं, "छातीचंच का?" "न्हाई वो, तापानं गेल्या. दोन दिसांत." मी रडले, पण रडता रडता मनातल्या मनात त्या बाईला हातही जोडले. जे दुखणं त्यांना बारा वर्षांपूर्वीच न्यायला आलं होतं, त्याला त्यांनी दारातूनच परतवून लावलं होतं...

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. गोठा सगळा त्यांच्या हाताखाली. गाईची कास सुजली की हळदीचा गरम लेप त्यांनीच लावायचा. एकदा न्हाणीत हात वर करताना त्यांना दिसलं, उजव्या छातीची कातडी आत ओढली जाऊन खळी पडली आहे. त्यांनी गोठ्यातलाच इलाज केला, पंधरा दिवस लेप लावला. मग मला बोलावून म्हणाल्या, "तारा, सुजल्याली कास चाचपली तर गाय लाथ मारती. ह्ये दुखतच न्हाई. म्हंजी ह्ये येगळंच कायतरी हाय." मी चार बुकं शिकलेली, पण मला हे सुचलं नसतं.

आमच्याकडे बाईमाणूस डॉक्टरकडे जात नसे. नवऱ्यानं जाऊन दुखणं सांगायचं आणि औषध आणायचं. थोरले दीर भोरला जाऊन मलमाची डबी घेऊन आले. सगुणाबाईंनी विचारलं, "काय सांगितलंसा?" दीर जमिनीकडे बघत म्हणाले, "खांद्यावर गळू झालंय म्हनलं." लाजेपायी त्या भल्या माणसाच्या तोंडून छातीचं नाव निघालं नव्हतं! मला संताप आला. बाईंना मात्र हसू आलं. डबी परत त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "खांदा दुखला तर तुमीच लावा. मी जाती."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डोंगर उतरून निघालो. वाटेत मुक्काम करून भोर गाठलं. डॉक्टर नाडी बघायला लागले, तर बाईंनी सरळ पदर बाजूला केला. मी घाईनं दार लोटून घेतलं. "डाक्टर, हितं बगा. दुखत न्हाई, म्हनून आले."

डॉक्टरांनी बघितलं, चाचपलं, काखेतही बोटं दाबून पाहिलं. मग म्हणाले, "दुखत नाही म्हणून आलेली तुम्ही पहिलीच. उशीर करू नका, पुण्याला जा."

पुण्याला मडम डॉक्टरणीनं छाती काढून टाकली. जगतील याची हमी तिनं दिली नव्हती. बाई जगल्या, आणि पुढची बारा वर्षं गोठा सांभाळून जगल्या.

पुण्याहून परतताना भोरच्या बाजारात त्यांनी एक आरसा घेतला आणि घरी येऊन न्हाणीत छातीच्या उंचीवर टांगला. मी चेष्टेनं म्हणायची, "बाई, तोंड बघायला वाकावं लागतंय की!" त्या म्हणायच्या, "तोंड काय, समदी बगत्यात."

दिवसकार्याला गेले तेव्हा त्यांची नवी सून मला म्हणाली, "आत्ती, आता आरसा जरा वर लावूया का?" मी नको म्हटलं. आंघोळीला गेले, आधी उजवा हात वर केला, मग डावा, आणि नीट बघितलं... बाहेर आले, डोळे पुसले आणि तिला म्हटलं, "जा आता तू. हात वर करून बघ, आणि काय दिसलं ते मला येऊन सांग."