थेल्माबाईंचा शेवटचा तुकडा

तलावाकाठचं गोठलेलं गवत पायाखाली कुरकुरत होतं आणि थेल्माबाई पुन्हा थांबल्या. दम लागला म्हणून नव्हे. "हंस बघतेय," त्या म्हणाल्या. इकडचे हंस काळेच असतात; ते पार पलीकडच्या काठाला होते, धुक्यात ठिपके दिसावेत तेवढेच. मीही बघितले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई हंस बघते म्हणाली की आपणही बघावेत.

ओटलँड्सहून पॅराटाला जाणारी ही वाट आमची अर्धीअधिक चालून झाली होती. एरवी थेल्माबाई या वाटेवर तोंड मिटत नाहीत. कुणाच्या मेंढ्या कुणाच्या कुंपणात शिरल्या, गावाच्या हॉलमधल्या चहाला कुणी शिळा केक आणला, सगळं बोलून होतं. आज मात्र फाटकापासून चकार शब्द नव्हता. मुळात जुलै महिन्यात, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, त्या घराबाहेर पडल्या हेच नवल. जुलैत त्यांना भेटायचं तर आपण त्यांच्याकडे जायचं, तेही दुपारच्या चारनंतर आणि आपली लोकर आपण घेऊन. अशी बाई सकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "चल गं इंदू, पॅराटाला जाऊ. चालत." मी पूजा आटोपली, टोपी घातली आणि निघाले.

"घरी कोण आहे?" शेवटी मीच विचारलं.

"जॅनीन."

"काय करतेय?"

"माझ्या खुर्चीत बसलीय," थेल्माबाई म्हणाल्या आणि पुन्हा हंसांकडे वळल्या.

जॅनीन म्हणजे त्यांची मुलगी. आणि ही खुर्ची म्हणजे काय, ते सांगायला हवं.

थेल्माबाईंचा जन्म पॅराटाचाच. वडील रेल्वेत होते. हिवाळ्यात संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चित्रकोडं मांडलं जाई, ते तुकडे जुळवून चित्र करायचं असतं ना, ते. डबा उघडला की वडील आधी एक तुकडा उचलून जाकिटाच्या खिशात टाकत. मग आई आणि मुली आठवडाभर माना मोडेपर्यंत चित्र जुळवत. शेवटी एक भोक उरे. सगळ्यांनी टेबलाखाली शोधल्याचं नाटक करायचं, वडिलांनी खिशातून तुकडा काढायचा, भोकात बसवायचा आणि म्हणायचं, "झालं बुवा एकदाचं!" शेवटचा तुकडा घरधन्याचा, अशी तिकडची रीतच होती. निदान थेल्माबाईंना तसं वाटत होतं. पुढे लग्न करून त्या ओटलँड्सला आल्या तर नवऱ्याने, रेजने, पहिल्याच हिवाळ्यात डबा उघडला आणि एक तुकडा खिशात टाकला. त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

मग रेजचा संसार. मेंढ्या, कातरणी, लोकर, मुलगी. मुलगी झोपली की कोडं निघे. आभाळ जुळवायचं काम थेल्माबाईंचं, कारण निळ्यात निळा तुकडा शोधायला चिकाटी लागते आणि रेज म्हणत की चिकाटी बायकांना देवाने दिलीय. शेगडीजवळची खुर्चीही रेजची. थेल्माबाई खिडकीखाली बसत. तिथे वारा लागतो, पण उजेड बरा, आणि मोजे विणायला उजेड लागतोच की.

रेज एका शरद ऋतूत गेले. टेबलावर अर्धं कोडं पडलेलं होतं. दिवसकार्य उरकल्यावर थेल्माबाईंनी ते पुरं केलं. हरवलेला तुकडा रेजच्या स्वेटरच्या खिशात होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला, डोळे पुसले, रेजच्या खुर्चीत टेकल्या. आणि मग त्यांना फार बरं वाटलं. ही गोष्ट त्यांनी मला एकटीला सांगितली होती. वर म्हणाल्या होत्या, "तुझ्या देवाला सांगू नकोस."

तेव्हापासून त्यांचे हिवाळे त्यांचे झाले. चारपर्यंत लाकूड जाळायचं नाही. तोवर घरातच टोपी, दोन स्वेटर आणि रेजचे मोजे. चारला लोखंडी शेगडी पेटवायची, काचेच्या दारातून जाळ दिसायला लागला की खुर्चीत बसायचं. मांडीवर विणकाम, हाताशी चहा, रेडिओवर हवामान. बाहेर उणे तापमान सांगितलं की त्या समाधानाने मान हलवत, जणू त्यांनीच ते मागवलं होतं. रात्री वाटाण्याचं घट्ट सूप, भाजलेला पाव. माझ्यासाठी बिनहाडाचं सूप वेगळ्या पातेल्यात. बिछान्यात रबरी पिशवी आणि खिडकी बोटभर उघडी, कारण त्याशिवाय पांघरुणाची मजा कळत नाही. आणि दर कोड्याचा एक तुकडा पहिल्या दिवशी स्वतःच्या खिशात.

मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. जॅनीन वरती उत्तरेला, गरम मुलखात, टाउन्सव्हिलला. तिकडे जुलैतही लोक अनवाणी हिंडतात. दर रविवारी फोन.

"आई, तू त्या घरात गोठून मरशील आणि मला शेजाऱ्यांचा फोन येईल."

"इंदू करेल फोन. ती वेळेवर करते."

"थट्टा नको. इकडे ये. माझ्याकडे खोली रिकामी आहे, गार हवेचं यंत्र आहे."

"गार हवा इथे आहे की. यंत्राविना."

मागच्या हिवाळ्यात मात्र मागच्या दारच्या पायरीवर गोठलेल्या दवावरून थेल्माबाई घसरल्या आणि मनगट दुखावलं. मग फोनवर थट्टा चालेना. जॅनीनने सांगून टाकलं, "या जुलैत मी स्वतः येऊन राहते. बघते कशी जगतेस. मला पटलं तर राहा, नाही पटलं तर घर विकायचं आणि माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

थेल्माबाई म्हणाल्या, "काही हरकत नाही." हे वाक्य इकडच्या लोकांच्या तोंडून असं निघतं, जसं आपल्या तोंडून 'या, बसा' निघतं. घराला आग लागली तरी आधी तेच निघेल.

मग तयारी. मुलीला खरा हिवाळा दाखवला तर ती दुसऱ्याच दिवशी सामान बांधेल, हे त्यांना कळत होतं. टोपी घालून स्वयंपाकघरात बसलेली आई बघून कोण म्हणेल की ही मजेत आहे? म्हणून त्यांनी दुसराच हिवाळा उभा केला. गावाच्या हॉलमधून उशा आणल्या. मेणबत्त्या आणल्या, त्याही वासाच्या. माझी गोधडी मागून नेली आणि सोफ्यावर अशी टाकली की सहज पडलीय असं वाटावं. ती सहज पडावी म्हणून आम्ही दोघींनी ती तीनदा टाकली. वारा अडवायला दाराखालच्या फटीत चिंध्या भरलेला कापडी साप सरकवला. संत्र्याचा मुरंबा उकळत ठेवला, कारण त्याचा वास घरभर जातो. आणि शेगडी सकाळपासून. दोन उन्हाळे वाळवून रचलेली सुकी लाकडं त्या अशी घालू लागल्या की लाकडवाल्या मर्व्हने फाटकातून ओरडून विचारलं, "काय हो थेल्माबाई, घर तापवताय की आख्खं गाव?"

"पाहुणी येतेय."

"राणी येतेय वाटतं!"

"त्याहून वाईट," थेल्माबाई म्हणाल्या. "मुलगी येतेय."

जॅनीन आली ती तपासनिसाचा चेहरा घेऊन. पातळ कोट, पायात कापडी बूट. न्हाणीघरात जाऊन नळ उघडून बघितला. पायरीवर वाळू टाकलीय का बघितलं. टाकलेली होती. छताकडे बघितलं. मग शेगडीपाशी आली, हात शेकले आणि म्हणाली, "मी जरा बसते."

ती बसली ती त्या खुर्चीत. थेल्माबाई उशा सरळ करत राहिल्या. पाहुण्याला उठ म्हणायचं कसं?

दुसऱ्या दिवशी तिने आईचे मोजे घातले. मग दोन दिवसांनी विचारलं, "हे विणतात कसं गं? लहानपणी तू शिकवणार होतीस, राहिलंच." थेल्माबाईंनी शिकवलं. मग मुरंबा ढवळायला ती उभी राहिली. ऑफिसचं काम लॅपटॉपवर तिथूनच, गोधडीत पाय घेऊन. संध्याकाळी म्हणे, "आई, तू इतकी वर्षं हे सगळं एकटी उपभोगत होतीस? मला बोलली नाहीस ते!" मी समोर विणत बसले होते. मी सुईवरचे टाके मोजू लागले.

टेबलावर कोडं होतं. बर्फाचे डोंगर आणि आभाळ, आभाळच फार. मायलेकींनी मिळून जुळवलं. पुरं होत आलं त्या संध्याकाळी थेल्माबाई सूप ढवळायला आत गेल्या आणि स्वेटर तापून नकोसा झाला म्हणून तो खुर्चीच्या पाठीवर टाकून गेल्या. सकाळपासून शेगडी पेटवल्याचा हा असा परिणाम. बाहेर येतात तो जॅनीन टाळ्या पिटतेय.

"एकच राहिला होता! कुठे सापडला माहितेय? तुझ्या स्वेटरच्या खिशात! विसरभोळी झालीस तू. बसवला मी, बघ. झालं एकदाचं!"

"अरे वा," थेल्माबाई म्हणाल्या. "छान झालं."

आणि त्याच रात्री जेवताना जॅनीनने निकाल दिला. चेहरा उजळलेला. "आई, तू जिंकलीस. तुला कुठेही न्यायचं नाही. मीच येते इकडे. काम कुठूनही करता येतं मला. वसंतात सामान घेऊन येते. चालेल ना?"

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल.

"काही हरकत नाही," थेल्माबाई म्हणाल्या.

गावाने अभिनंदन केलं. चर्चमधून बाहेर पडताना बायका त्यांचा हात हातात घेत. एकीला तर गहिवरून आलं, तिची स्वतःची मुलगी नाताळाला पत्रसुद्धा धाडत नाही. थेल्माबाई सगळ्यांना म्हणत, "हो, देवाची कृपा." ती कृपा नाही असं मीही म्हणणार नाही. पण देव देताना घरात जागा किती आहे ते बघत नाही कधीकधी.

पॅराटा आलं. जुन्या स्टेशनाच्या ओट्यावर आम्ही बसलो. इथेच त्यांचे वडील कामाला होते, आता गाडी थांबत नाही. मी थर्मासमधला चहा ओतला. थेल्माबाईंनी पेला दोन्ही हातांत धरला आणि एकदाच्या बोलल्या.

"लाकडं अर्धी संपली. शेगडी सकाळी पेटते आता. घरात टोपी घातली की ती विचारते, बरं नाही का. खिडकी उघडली की ती लावते. रेडिओवर गाणी लावते. छान गाणी असतात गं, मी काही म्हणत नाही."

"तिला सांगा ना मग."

"काय सांगू? जा म्हणू?"

मी थर्मासचं झाकण लावलं.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "तू गरम मुलखातली. तिला सांग की ऑगस्ट फार वाईट असतो. पहिल्या हिवाळ्यात तू रडत होतीस म्हणून सांग. तुझं ती ऐकेल. तू रोज दिवा लावतेस, ती बघते. दिवा लावणारी बाई खोटं बोलेल असं कुणाला वाटत नाही."

"मी रडले नव्हते, थेल्माबाई."

"माहितेय मला. म्हणूनच खोटं म्हणतेय ना."

मी त्यांच्या पेल्यात आणखी चहा ओतला. त्यांना मी कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. रुळांमधल्या गवतावरचं गोठलेलं दव उन्हाने वितळायला लागलं होतं.

"जाऊ दे," त्याच म्हणाल्या. "नको सांगूस. घटस्फोट झाल्यापासून तिकडे तिला झोप नव्हती. गोळ्या घेई. इथे पोरगी नऊ वाजता झोपते आणि उजाडेपर्यंत हलत नाही. मी दाराशी उभी राहून ऐकते. घोरतेसुद्धा, बापासारखी." त्यांनी नाक पुसलं. ते थंडीनेही असेल. "तिला कशी घालवू? खुर्ची काय, बसू दे. खिडकीखाली उजेड बरा आहे."

मग त्यांनी हातमोजा काढला आणि आतल्या स्वेटरच्या खिशात बोटं घातली. तळहातावर एक निळा तुकडा होता. कोरा निळा, आभाळातला.

"काल नवं कोडं उघडलं आम्ही. समुद्र आणि जहाजं. तिच्या आधी डबा मी उघडला." त्या जरा लाजल्यासारख्या हसल्या. "पण आता माझ्या खिशांवर भरवसा नाही. ती कपडे धुवायला टाकताना खिसे बघते. उशीखाली ठेवला तर बिछाना ती घालते."

"मग?"

"तुझ्या देवापाशी ठेव. ती छोटी डबी, कुंकू असतं ना, तिच्यामागे. तुझ्या देवांना ती हात लावत नाही, तिला वाटतं काही चुकेल." त्यांनी तुकडा माझ्या हातात दाबला आणि माझी बोटं मिटवली. "कोडं होत आलं की मी तुझ्याकडे साखर मागायला येईन, तेव्हा दे. आणि मध्येच तिने तुला विचारलं, एक तुकडा सापडत नाही, तू बघितलास का, तर काही बोलू नकोस हं. नुसती विणत राहा. न बोलणं हे तुमच्यात खोटं धरत नाहीत ना गं?"