पाण्याच्या कडेने दोन फेऱ्या

शिवप्पा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर बसला होता. पोटऱ्या दाबत म्हणाला, "बापू, हल्ली दुसऱ्या फेरीला लई दम लागतोय की रे." मी म्हणालो, "पन्नाशी उलटली, लागणारच." चहा घेऊन तो गेला. सकाळी गल्लीतला फुलवाला सायकल हाणत आला... शिवप्पा कंबर तलावाच्या काठी पडला होता. मी पोहोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. याला आता सहा आठवडे झाले.

त्याचं कापडाचं दुकान. ते नऊला उघडायचं, त्याआधीचा सगळा वेळ पळण्याचा. आमच्या सोलापुरात सकाळी पळणारा माणूस एक तर तालमीतला असतो, नाहीतर त्याची गाडी चुकलेली असते. चौकातला जाडजूड हॉटेलवाला रोज विचारायचा, "शिवाण्णा, आज कुटली गाडी चुकली?" हा पळता पळता ओरडायचा, "तू बसलास तीच! मला जागा कुटं उरली?" सिद्धेश्वर तळ्याला वळसा घालून किल्ल्याच्या तटाखालून परत, हा त्याचा नेहमीचा रस्ता. रविवारी थेट हिप्परग्याचा तलाव. तिथे बांधावर पाण्यावरून गार वारा येतो, पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात. मी सायकलवर मागे, हातात घड्याळ. गिरणीत वेळेच्या नोंदी ठेवण्यात माझी वीस वर्षं गेली, मला एवढंच जमायचं.

दुष्काळाच्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी बजावलं, "सपाटीवर, सावकाश, दोन मैल. पुढे एक पाऊल नको." पळणं पूर्ण बंद होईल या धास्तीने आलेला शिवप्पा तेवढ्यावरही खूश झाला. "दोन मैल म्हंजे किती, ते मोजून दे. मला कळत न्हाय, मी पळतच सुटतो." मी सायकलच्या आरीला चिंधी बांधली आणि कंबर तलावाभोवती तो दाखवेल त्या वाटेने सायकल हातात धरून निघालो. त्याला पाण्याच्या अगदी कडेने पळायचं होतं. तिथली माती मऊ असते. चाकाच्या एका वेढ्याला सात फूट. एका फेरीला सातशे चोपन्न वेढे भरले, म्हणजे बरोबर एक मैल. मी सांगितलं, "दोन फेऱ्या. तिसरी नाही." त्याने ते कधी मोडलं नाही.

तळं तेव्हा आटलेलं होतं, आणि मी मोजला तो आटलेल्या पाण्याचा काठ. पुढे पाऊस चांगला झाला, पाणी वर चढून बाभळींना टेकलं. पाण्याबरोबर त्याची वाटही बाहेर सरकली. फेऱ्या मात्र दोनच राहिल्या.

हे मला त्याला माती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं. तीच सायकल, तशीच चिंधी. एक हजार दहा वेढे. दोन फेऱ्यांचे अडीच मैलांच्या वर होतात. मी पुन्हा मोजलं, तेवढेच आले. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "हृदयाचं असं मैलांवर सांगता येत नाही." त्यांनी नक्की काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कुठल्याही बाजूने.

शिवप्पाच्या घरी वहिनींना सांगायचं धाडस होत नव्हतं. दिवसकार्याच्या वेळी त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "भावजींनी मोजून दिलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते." त्यांना वाचता येतं ते कानडी. पण हा लेख कुणीतरी त्यांना वाचून दाखवणारच. म्हणून छापायला देण्याआधी, गेल्या सोमवारी मी गेलो आणि आकड्यांसकट सगळं सांगितलं. त्यांनी पुढ्यातलं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "पाणी वाढलेलं त्यास्नी दिसत नव्हतं काय, भावजी? रोज त्याच्याच कडेनं पळत होते की."

शिवप्पाला कळलं होतं आणि जास्तीचं पळणं त्याने गुपचूप ठेवून घेतलं, की माझ्या आकड्यावर तो डोळे मिटून विसंबला... हे कुठल्या चाकाने मोजायचं? वहिनी उठून खिडकीशी गेल्या. तिथे त्याचे कॅनव्हासचे बूट पालथे ठेवले होते, तळव्यांना तळ्याची माती तशीच. ऊन सरकलं होतं. त्यांनी बूट उचलले आणि उन्हात सरकवून ठेवले.