देवानं घेतलेला खांदा

माझ्या माहेरी, उर्से टोलनाक्यापासून आत असलेल्या गावात, आमच्या घराला जत्रेतल्या काठीचा मान आहे. उंच बांबूला भगवं कापड गुंडाळलेलं असतं आणि तो घरच्या पुरुषाच्या खांद्यावरून देवळापर्यंत जातो. आजोबांचा उजवा हात चाळिशी उलटल्यावर वर जाईना. पुढं वडिलांचाही जाईना. गाव म्हणालं, देवानं खांदा घेतला. लोक पाया पडू लागले. वडिलांना पटका बांधायला घरात चढाओढ असायची आणि तेही ऐटीत मान पुढं करायचे.

माझा हात गेला तेव्हा कुणी पाया पडलं नाही. बाईच्या खांद्यावर काठी कुणी देत नाही, मग देव तो घेईल कशाला? सासरी, लोणावळ्यात, मला दोरीवर धुणं टाकता येईना, तेव्हा सासूनं अंगचोर म्हणून नाव ठेवलं. नवरा पेपर वाचत राहिला. माहेरी रडले तर आई म्हणाली, कामाची सवय मोडली की असंच होतं. थोरला भाऊ, दादा, नुसता हसला. त्याचा खांदा नुकताच देवानं घेतला होता, गळ्यात हार पडले होते. ते हसणं मला सगळ्यात जास्त लागलं.

मूलबाळ झालं नाही. सासू गेली, आई गेली, नवराही गेला. मी सगळे डबे जमिनीवर उतरवले. अंबाडा घालता येईना म्हणून केस कापून टाकले, तर शेजारीण म्हणाली, या वयात फॅशन बरी सुचली. संध्याकाळी धुकं खिडकीला लागतं, तेव्हा मी टीव्ही लावते. बघायला नाही, घरात कुणीतरी बोलावं म्हणून.

यंदा पायही जड झाले आणि पुण्याच्या दवाखान्यात रक्ताची तपासणी झाली. एका जनुकात दोष निघाला. व्हीसीपी असं त्याचं नाव. डॉक्टरबाईंनी बसवून समजावलं. पेशीत प्रथिनं सारखी बनतात आणि सारखी झिजतात. झिजलेलं ओढून बाजूला काढलं की ते मोडतं आणि त्याच तुकड्यांतून नवं उभं राहतं. हे ओढायचं काम या जनुकामुळं होतं. तुमच्यात ते नीट होत नाही, मोडकं तिथंच साचतं आणि स्नायू हळूहळू जातो. मी कितीतरी वर्षं चिक्कीच्या कारखान्यात होते. फुटकी चिक्की आम्ही गोळा करून परत कढईत टाकायचो. गोळा करणारीनं टाळाटाळ केली की कोपऱ्यात ढीग साचायचा आणि मुंग्या लागायच्या. म्हणजे अंगचोर माझ्या खांद्यातच बसला होता तर. मी नव्हते. मला एवढा आनंद झाला की डॉक्टरबाई बघतच राहिल्या.

घरी येऊन कुलूप काढलं आणि सांगायला कुणी नव्हतं. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते सगळे भिंतीवर, फोटोत. उरला होता एकटा दादा. हा दोष बाईपुरुष बघत नाही, भावाला आणि त्याच्या मुलांना सांगा, असं डॉक्टरबाईंनीही बजावलं होतं. पण खरं सांगायचं तर मी मुलांसाठी गेले नाही. दादानं एकदा म्हणावं, तू खोटं बोलत नव्हतीस, एवढ्यासाठी माहेरी गेले.

वहिनी बचत गटाच्या बैठकीला गेली होती. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमचा खांदा देवानं घेतलाय. तुजं मला काय म्हाईत न्हाई."

वाद घालायला माझ्यात जोर नव्हता. मी उठून चहा टाकला. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता, वहिनीचा हात पुरतो तिथं. मी हात वर नेला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. डाव्या हातानं कोपर धरून रेटलं, तरी पुढं जाईना. काय झालं बघायला दादा मागं आला. मला बाजूला सारून त्यानं आपला हात उचलला. तोही छातीपर्यंतच आला. त्यानंही डाव्या हातानं कोपर धरलं. वडील असंच धरायचे.

फळीखाली आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. दादा कधी माझ्या कोपराकडं बघत होता, कधी आपल्या.

"कवापासनं?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. उत्तर केव्हाचं तयार होतं. आम्ही बिनसाखरेचा चहा घेऊन बाहेर ओट्यावर बसलो. पोरांना सांगाय पायजे, असं तो मधेच पुटपुटला. मग मी त्याला दोरीवरच्या धुण्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि वहिनी येऊन डबा खाली काढेपर्यंत तो एकदाही हसला नाही.