पालथ्या पेल्यावरचा लोटा

आमच्या बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या फळीवर, कित्येक वर्षं एक स्टीलचं ताट होतं. ताटात एक पालथा पेला आणि पेल्याच्या बुडावर पितळी लोटा. नवीन पाहुणा हमखास तो लोटा उचलून नीट खाली ठेवायचा, आणि मग माझ्या सासूबाई त्याच्याकडे अशा बघायच्या की बिचाऱ्याला पुढचा चहा गोड लागत नसे.

तो लोटा माझ्या सासऱ्यांचा. जमीन जरा हलली की लोटा ताटात पडणार, घणकन वाजणार आणि घरातली माणसं जागी होऊन बाहेर पळणार, असा त्यांचा हिशेब होता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांनी तो लावला आणि पुढे गाव सोडून लातूरला आले तेव्हा सोबत आणला.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात आणि सासूला आत्या. माझे मामा म्हणजे श्रीमंतराव. किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातले शेतकरी, देवणी बैलांचे वेडे, बोलणं मोजकं. गंमत अशी की ज्यांनी घरात हा लोटा लावला ते स्वतः घरात झोपतच नसत. अंगणात पत्र्याखाली त्यांची बाज. जेवण तिथेच, वर्तमानपत्र तिथेच, आल्यागेल्याशी दोन शब्द तिथेच. आमचं घर स्लॅबचं, औसा रोडच्या मागच्या गल्लीतलं, वरच्या मजल्यावर कोचिंगला आलेली पोरं भाड्याने ठेवलेली. मामा रोज दिवेलागणीला आत येत, लोटा नीट बसलाय का बघत आणि विहिरीत बुडी मारलेला माणूस वर यावा तसे बाहेर येऊन श्वास सोडत. लोटा आमच्यासाठी होता, छताखाली झोपणाऱ्यांसाठी.

लग्न होऊन आले तेव्हा मला हा विक्षिप्तपणा वाटायचा. मी लोह्याची, नांदेडला शिकलेली, वर फिजिक्सची मास्तरीण. मला सगळ्याचं कारण लागतं. एकदा भाकरी करता करता आत्यांनीच ते सांगितलं.

मामा भजनात पखवाज वाजवायचे. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. त्र्याण्णवच्या त्या रात्री गणपती बोळवून झाले, देवळापुढे भजन झालं आणि मामा तिथेच पारावर आडवे झाले, पखवाज उशाशी घेऊन. आत्या लहानग्या पंढरीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घेऊन माहेरी गेलेल्या. घरात मामांची आई आणि धाकटा भाऊ. पहाटे खालून एक जाड, खोल आवाज आला. झोपेत मामांना वाटलं, कुणीतरी वात्रट पोरगं आपला पखवाज बडवतंय. "ठेव रे, फाटंल," असं म्हणून त्यांनी कूस बदलली. तेवढ्यात गाव खाली आलं, आणि त्यात घरातली ती दोघंही गेली.

मामा लगेच उठले असते तरी घरापर्यंत पोचले नसते. हे त्यांना आजवर कितीतरी जणांनी समजावलंय. मामा ऐकून घेतात, मान हलवतात आणि बाजेवर जाऊन बसतात. त्यानंतर त्यांनी पखवाजाला हात लावला नाही. विकायला निघाले होते, आत्यांनी तो चादरीत बांधून माळ्यावर टाकला.

एवढी वर्षं हे असंच चाललं होतं, पण मी सांगतेय त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मामांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर आम्हालाच रागावले. म्हाताऱ्या माणसाला उघड्यावर झोपवता, पुढच्या थंडीत मी जबाबदार नाही म्हणाले. आत्यांनी विनवण्या केल्या, पंढरी चिडला, मी हीटरचं आमिष दाखवलं. मामांचं एकच उत्तर, "म्या हितं बरा हाय." पुढची थंडी जवळ यायला लागली तशा आत्या रोज बाजेवर एक गोधडी वाढवायच्या आणि आत येऊन गुपचूप डोळे पुसायच्या. त्यांना दुसरं काही नको होतं. नवरा छताखाली यावा, एवढंच.

आता माझ्या वेडाबद्दल. इतर मुलींच्या लग्नात कपाट येतं. माझ्या भावाने नांदेडहून माझे कमरेएवढे दोन स्पीकर आणि अॅम्प्लिफायर टेम्पोत घालून आणले होते. मला गाणं लागतं, चांगलं लागतं, आणि मोबाइलच्या कुरकुऱ्या आवाजात ऐकणाऱ्यांची मला कीव येते. पण या घरात आल्यावर मी आवाजाची कळ कायम बारीक ठेवली. जाड, खोल सूर आला की अंगणातली बाज करकरायची, ते मला कळायचं.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या वर्षीच्या दसऱ्याला मी स्ट्रीमर आणला. टिफिनच्या डब्याएवढी काळी पेटी. तिला कॅसेट लागत नाही, सीडी लागत नाही. इंटरनेटच्या तारेतून गाणं ओढून घ्यायचं आणि अॅम्प्लिफायरच्या हवाली करायचं, एवढंच तिचं काम. पंढरी म्हणाला, "उन्हाळ्यात पाणी रेल्वेनं आलं अन् आता तुला गाणं तारंतून पाहिजे." मी म्हटलं, टँकर आला की तू रांगेत उभा राहा, मी तार जोडते.

तार जोडणं सोपं होतं. लाल आणि पांढरी पिन अॅम्प्लिफायरच्या पाठीत, इंटरनेटची केबल राउटरला. केबल मुद्दामच ओढली, कारण वरची पोरं एकदा का मोबाइलवर लेक्चर बघायला बसली की हवेतलं नेट मुंगीच्या चालीने चालतं. पेटीवरचा दिवा लागला. आता फोनमधल्या अॅपमध्ये पेटीचं नाव दिसायला हवं होतं, तिथून गाणं निवडायचं. नाव काही दिसेना.

मी पेटी बंद करून चालू केली. पिना काढून घातल्या. पेटी जोडलेली असेल आणि आवाजच येत नसेल असं वाटून अॅम्प्लिफायरची कळ फिरवली, मग आणखी फिरवली. पुस्तिका वाचली, जी जगातल्या सगळ्या भाषांत होती, फक्त माणसाच्या भाषेत नव्हती. आत्या दिवाणावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुकी हाय का गं ती?" मी पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. मग लक्षात आलं की माझा फोन वरच्या पोरांसाठी लावलेल्या दुसऱ्या राउटरच्या वायफायला जोडलेला आहे आणि पेटी खालच्या राउटरला. दोघं एका घरात राहून एकमेकांना ओळखत नव्हते. मी फोन खालच्या वायफायवर आणला आणि पेटीचं नाव टपकन समोर आलं. त्या आनंदात मी पडद्यावर जे पहिलं दिसलं त्यावर बोट ठेवलं. कुठलंतरी भजनाचं इंटरनेट रेडिओ स्टेशन होतं.

अॅम्प्लिफायरची कळ मगाशी कुठवर फिरवून ठेवलीय, हे मात्र मी साफ विसरले होते.

पखवाजाची पहिली थाप आली ती कानावर नाही, छातीवर आली. खिडकीची तावदानं थरथरली. दुसऱ्या थापेला फळी हलली, लोटा कलंडला आणि ताटात पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो वाजला. पितळेचा तो आवाज मी कधी विसरणार नाही.

पुढे जे झालं ते या भागातच होऊ शकतं. कुणी काही विचारलं नाही, कुणी खिडकीतून डोकावलं नाही. "पळा" एवढा एक शब्द गल्लीतून गेला आणि सगळी घरं रिकामी झाली. वरची पोरं जिन्यावरून धडाधडा उतरली. भूकंपाच्या वेळी त्यांचा जन्मही झाला नव्हता, पण पळायचं कसं ते त्यांनाही ठाऊक होतं. समोरचे गुरुबसप्पा, रिटायर हेडमास्तर, अर्ध्या गालाला दाढीचा साबण लावलेले, तसेच रस्त्यावर.

सगळी गल्ली बाहेर पळत होती आणि एकच माणूस आत येत होता. मामा.

अनवाणी, धोतराचा सोगा सुटलेला, ते दारातून सरळ स्लॅबखाली शिरले. वर बघितलं नाही. एका हाताने त्यांनी आत्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने माझं. माझा फोन उडून दिवाणाखाली गेला. त्यांच्या पकडीने माझ्या दोन बांगड्या फुटल्या. ज्या माणसाला आम्ही वर्षभर हाता-पाया पडून छताखाली बोलावत होतो, तो छत पडतंय असं वाटल्यावर आत आला होता, आम्हाला न्यायला. हे मला त्या क्षणी कळलं.

"चल भायेर. सिंधू, चल," मामा आत्यांना ओढत होते.

"अवो, थांबा. भूकंप न्हाई," आत्या म्हणाल्या. "गाणं हाय. पोरीनं लावलंय."

मामा थांबले. खोलीत थापा पडत होत्या, फरशी हलत होती. मी कशीबशी हात सोडवून अॅम्प्लिफायरच्या कळीकडे धावले. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की ती पेटी उचलून रस्त्यावर फेकावी.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले.

ते खाली बसले. गाभण गाईच्या पोटावर हात ठेवतात तसा त्यांनी तळवा फरशीवर ठेवला. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मी आत्यांकडे पाहिलं, आत्या माझ्याकडे. मामांच्या उजव्या हाताचं बोट सावकाश वर उचललं गेलं आणि त्याच क्षणी पखवाजाची मोठी थाप पडली. पुन्हा ठेका फिरला, पुन्हा बोट उठलं, पुन्हा थाप तिथेच. तालाच्या ज्या पहिल्या मात्रेवर सगळं फिरून परत येतं तिला सम म्हणतात. मामा समेवर बोट उचलत होते.

"आता येती बघ," ते म्हणाले, आणि सम आली.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. "ह्याला सम हाय, सिंधू."

"हाव," आत्या म्हणाल्या.

"त्या राती मला वाटलं, माझाच पखवाज हाय. न्हवता. पखवाज फिरून समंवर येतो. ते जमिनीतलं समंवर आलंच न्हाई. नुस्तं चालत गेलं." त्यांनी तळवा फरशीवरून उचलला नाही. "येवढ्या वर्सांत मला हे कळलं न्हाई. म्या आवाजालाच भिऊन राहिलो."

मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. कंपनं, वारंवारता, अनुनाद हे सगळं मी दरवर्षी शंभर-शंभर पोरांच्या वर्गात फळ्यावर लिहिते. तीच कंपनं एका माणसाच्या तळव्यातून आत जाऊन इतक्या वर्षांची एक गाठ सोडवताना मी समोर बसून बघत होते, आणि मला त्यातलं काहीही फळ्यावर मांडता आलं नसतं.

दारात गल्ली गोळा झाली होती. गुरुबसप्पा तावातावाने पुढे आले. "काय लावलंय हे, सुकन्याबाई? जीव गेला असता एखाद्याचा," असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना मामा दिसले. स्लॅबखाली, फरशीवर मांडी घालून बसलेले. गुरुबसप्पांनी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं, कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि ते उंबऱ्याशी टेकले. गालावरचा साबण तसाच वाळत होता. वरची पोरंही एकेक करून जिन्यावर बसली.

भजन संपलं आणि कुणी काही न करता दुसरं सुरू झालं. मामांनी पेटीकडे पाहिलं.

"कोण वाजवून राहिलंय हे?"

"माहीत नाही, मामा. लांब कुठलातरी माणूस."

"लांब म्हंजी?"

"मलाही सांगता येणार नाही. तिकडे त्याने वाजवलं, ते आकडे होऊन तारेतून आलं आणि इथे पुन्हा थाप झालं."

मामा पेटीच्या एवढ्याशा दिव्याकडे बघत राहिले. "आन हितली फरशी हलती," ते हळूच म्हणाले. मग स्पीकरच्या कापडावर त्यांनी बोटाची टोकं टेकवली, देवाच्या पायाला टेकवावीत तशी.

टँकरची रांग सोडून पंढरी धापा टाकत आला आणि दारातच खिळला. बापाला असं आत बसलेलं तो पहिल्यांदाच बघत होता. मी त्याला खूण करून बसवलं.

दुसरं भजन संपत आलं तशा आत्या उठल्या. लोटा फळीखाली घरंगळत गेला होता. त्यांनी तो उचलला, पदराने पुसला आणि पेल्यावर ठेवायला गेल्या.

"ऱ्हाऊ दे ते," मामा म्हणाले. "आधी जराशी कणीक भिजव."

"येवढ्यात भूक लागली?"

"खायाला न्हाई." मामांनी माळ्याकडे बघितलं. "पंढऱ्या, चादर काढ खाली. डाव्या तोंडाला लावाया कणीक लागंल. वाळून पार खडखड झालं आसंल ते."

आत्या हातात लोटा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा ओला गोळा थापल्याशिवाय तो खोल आवाज निघत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. भजनाच्या दिवशी ती कणीक त्याच भिजवायच्या.

मग त्यांनी त्याच लोट्यात पाणी घेतलं आणि पिठाच्या डब्याकडे गेल्या.