वाटबाबाचा शेंदूर

मी कुरुंद्याहून निघाले तेव्हा आईने रिक्षा वेशीपाशी थांबवली. तिथे कडुलिंबाच्या पारावर वाटबाबा बसलेला. गाव सोडणाऱ्याने त्याला तेलात कालवलेल्या शेंदराचं एक बोट लावायचं आणि परतल्यावर दुसरं, ही आमच्याकडची रीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी बाबाचा शेंदरी गोळा झाला होता. नाक कुठे, डोळे कुठे, काही पत्ता लागत नव्हता. माझं बोट लावून झाल्यावर आई त्याला बजावून म्हणाली, "पोरगी लई लांब चालली बाबा, ध्यान ठेव." मी घड्याळ बघत होते. लंडनला इतिहास शिकायला निघालेल्या मुलीला हे सगळं जरा लाजिरवाणंच वाटत होतं.

शेजारच्या रमामावशी बौद्ध. त्या दर पौर्णिमेला त्याच बाबापुढे मेणबत्ती लावायच्या. "तुमचा का आमचा, ते त्यालाच इचारा," असं म्हणून आई आणि त्या दोघी हसायच्या. त्यावरून कधी कुणी भांडलं नाही.

लंडनच्या ग्रंथालयात जुने कागद चाळताना हिंगोलीच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाचं टिपण हाती लागलं. कुरुंद्याबाहेर एक दगडी मूर्ती आहे, बहुधा बुद्धाची, अडाणी लोक तिला रंग फासतात, असं त्याने लिहिलं होतं. 'अडाणी' वाचून माझं डोकं तापलं. 'बुद्ध' वाचून ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. राग मागे पडला, हाव पुढे झाली. मी लेख लिहिला, इकडच्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीला पत्रं धाडली. माणसं आली, त्यांनी शेंदूर खरवडला. आत खरोखरच बुद्ध होता, मिटल्या डोळ्यांचा, फार देखणा. पेपरात माझं नाव आलं. मग मूर्ती सुरक्षित राहावी म्हणून ती दूरच्या संग्रहालयात नेली. साहेबाने नुसतं लिहून ठेवलं होतं. उचलायला गावचीच लेक लागली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणापायी गावाचा पार रिकामा झाला.

आईचा फोन आला. "शेंदूर कुटं टाकला गं त्यायनी?"

"कचऱ्यात असेल," मी म्हणाले.

ती म्हणाली, "तुझ्या बाबांचं बोट व्हतं त्याच्यात. पुण्याला कामाला गेले तवाचं. आल्यावरचं लावायचं ऱ्हाऊनच गेलं." माझे वडील पुण्याच्या कारखान्यातच वारले, मी दोन वर्षांची असताना. त्या शेंदरात त्यांचं बोट आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

रमामावशी तर स्पष्टच बोलल्या. "बुद्ध व्हते हे मला म्हाईतच व्हतं बाई. पर न्यायचं काहून?"

पुढच्या सुट्टीत आईला संग्रहालयात नेलं. काचेमागे बाबा, वर दिवा, खाली पाटी. पाटीवर शतक होतं, दगडाची जात होती. आईने पिशवीतून शेंदराची डबी काढताच पहारेकरी पुढे आला, "मावशी, काही लावू नका."

"न्हाई लावत. निस्तं सांगून राहिले," ती म्हणाली. काचेजवळ तोंड नेऊन हळूच बोलली, "बाबा, पोरगी आली बरं का." मला तिथे उभं राहवेना.

गेल्या वर्षी आई गेली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. रिक्षावाल्याने सवयीने वेशीपाशी गाडी हळू केली. पारावर लिंबोळ्या पडल्या होत्या. देव्हाऱ्यात तिची डबी सापडली, शेंदूर वाळून खडा झाला होता.

लंडनला मैत्रिणी विचारतात, घरी कधी चाललीस? मी तारीख सांगते. येते, कुलूप उघडते, घर झाडते, पाणी भरते. रमामावशी भाकरी आणून देतात. पण मी आले, हे आता कुणी कुणाला सांगत नाही.