जाळ्याचा तास

प्लासिड सर माणिकपूरच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं एकच ग्रीक शोकांतिका शिकवत आले होते. राजा युद्ध जिंकून घरी येतो आणि राणी त्याच्यावर जाळ्यासारखं वस्त्र टाकून त्याचा जीव घेते. सर फळ्यावर लिहायचे, ‘जाळं : कपटाची प्रतिमा’, आणि त्याखाली दोन रेघा ओढायचे. पोरं ते उतरवून घ्यायची आणि परीक्षेत ओकायची. सरांचं इंग्रजी असं, की हा माणूस थेट परदेशातूनच आलाय असं ऐकणाऱ्याला वाटावं. ते आले होते पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून. ही गोष्ट त्यांनी कधी नाकारली नव्हती. फक्त कुणी विचारू नये, एवढी काळजी ते घ्यायचे.

यंदा कौस्तुभ नावाचा नवा प्राध्यापक आला, भलताच उत्साही. “सर, आपण जाळं-जाळं म्हणतो, पण पोरांनी जाळं पाहिलंय कुठे?” असं म्हणून गडी परस्पर पाचूबंदरला गेला. जाळं विणण्यात सगळ्यांत हुशार कोण, म्हणून धक्क्यावर विचारलं, तर लोकांनी बोट दाखवलं नेमकं फ्लॉसीकडे. म्हणजे सरांच्या थोरल्या बहिणीकडे.

कॉलेजातून बोलावणं आलं, म्हणजे आपल्या प्लासिडनेच धाडलं, असं फ्लॉसी समजली. चर्चमध्ये मिसाला जाताना नेसायची ठेवणीतली साडी नेसून, खांद्यावर जाळं घेऊन ती वर्गात आली आणि भावाकडे पाहून तोंडभर हसली. कौस्तुभने कुणाला बोलावलंय, ते सरांना तेव्हा कळलं.

“या, बाई,” ते म्हणाले. “मुलांनो, या पाचूबंदरच्या एक जाळं विणणाऱ्या बाई आहेत.”

फ्लॉसीचं हसू मावळलं. मग तिने पदर खोचला. “बरा, सर,” ती म्हणाली.

पहिल्या बाकावरच्या हर्षवर्धनला तिने उभं केलं आणि हात असा काही फिरवला, की जाळं हवेत उघडून त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरलं. वर्ग खो खो हसला. हर्षवर्धनही हसत हसत सुटायला गेला, तर आधी बोटं अडकली, मग कोपर, मग शर्टाचं बटण.

“हलू नको, पोरा. हललास का आनखी गुतशील.”

हळूहळू हसणं थांबलं. त्या मुलाच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती. फळ्यावरच्या दोन रेघांनी सव्वीस वर्षांत कुणी असं घाबरलं नव्हतं.

बोलावताना कौस्तुभने तिला त्या राणीची गोष्ट सांगितली होती. जाळं सोडवता सोडवता फ्लॉसीने विचारलं, “पन सर, त्या बाईने घोवाला मारला कशाला?”

सरांनी मागची गोष्ट सांगितली. वारा साथ देईना म्हणून राजाची जहाजं बंदरात अडकली होती. वारा फिरावा म्हणून त्याने आपल्याच मुलीचा बळी दिला होता.

“म्हंजे बोटी सुटाव्या म्हनून पोर दिली. त्या पोरीला कोनी इचारला का?”

“तो भाग परीक्षेला येत नाही,” सर म्हणाले.

बोलून गेले आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फ्लॉसी सहावीत पहिली आली होती. सातवीत असताना आई गेली. दोघांतलं एकच शिकेल, असं बापाने ठरवलं आणि फ्लॉसीला जाळी विणायला बसवलं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. तिचं दप्तर प्लासिडला मिळालं, तेव्हा तो आनंदाने घरभर नाचला होता. हे सगळं त्यांना आत्ता, वर्गात उभ्या उभ्या आठवलं आणि मान वर करवेना.

तेवढ्यात सुरुची वही घेऊन उठली. आभार मानायचं काम तिच्याकडे होतं. “सर, मॅडमचं पूर्ण नाव काय?”

पूर्ण नाव म्हणजे बापाचं नाव आलं, आडनाव आलं. फ्लॉसीने लग्न केलं नव्हतं, तेव्हा आडनाव सरांचंच. ‘ही माझी बहीण आहे.’ चार शब्द तर बोलायचे होते. सरांनी तोंड उघडलं. अख्खा वर्ग त्यांच्याकडे बघत होता आणि त्यांची जीभ काही उचलेना.

“निस्ता फ्लॉसी लिव, पोरी,” फ्लॉसी म्हणाली.

सुरुचीने तसंच लिहिलं, तसंच वाचून दाखवलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या.